पदर उलटा करून दाखवा

आमच्या घरी पार्सल फोडायचं म्हणजे सत्यनारायणाची पूजा. एकदा सुरू केलं की मधे उठायचं नाही. थोरली मोबाईल धरते. धाकटा कात्री आणून देतो, तीही स्वयंपाकघरातली. माझी शिवणाची कात्री कुणी टेपला लावली तर त्या दिवशी घरात कुणाला जेवण नाही. मी पत्त्याचं लेबल कॅमेऱ्यापुढं धरते, पिशवीच्या चारी बाजू दाखवते आणि मग टेप कापायची. विकणाऱ्यांची अटच असते तशी. पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर बदली नाही आणि पैसेही परत नाहीत. म्हणजे व्हिडिओ बघून मागवलेल्या कपड्याचा घरी परत एक व्हिडिओ काढायचा.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कॉटवर बसून हे सगळं बघत असतात. आणि सगळ्यांत शेवटी आमचे मालक पुढं येतात, शर्टाच्या खिशातून भिंग काढतात आणि कापडावर ठेवतात.

हे भिंग म्हणजे पिकग्लास. घडी घालता येणारं, पितळी, खाली एक इंचाची चौकोनी खिडकी. त्यातून बघत सुईच्या टोकानं एकेक धागा मोजायचा, उभे किती, आडवे किती. हे इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघतात, तीस वर्षं झाली. आमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला, आणि तेव्हापासून ही खटखट चालूच आहे. आमच्या गल्लीत रात्री माग बंद पडले तर माणसं दचकून जागी होतात. पॉपलिन, केंब्रिक, धोतर, कोरं ग्रे कापड, मैलोन्‌मैल कापड रोज या गावातून बाहेर जातं. आणि आम्ही सोप्यात बसून सुरतेहून आलेली पिशवी फोडत असतो. यांना त्याचा राग येतो का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "राग कसला? पण मोजून तर घेऊ."

मी स्वतः त्याच सोप्यात बावीस वर्षं ब्लाऊज शिवते. त्यामुळं या मोबाईलमधल्या व्हिडिओंनी माणसाच्या अंगावरचे कपडे कसे बदलले हे मला दोन्ही बाजूंनी दिसतं. गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या बायकांत दिसतं आणि उंबऱ्याच्या आतही दिसतं.

पूर्वी बाई यायची ती मापाचं ब्लाऊज घेऊन. "ह्याच्यावरनंच शिवा, काखेत तेवढं जरा सैल करा." संपलं. फार तर खिळ्याला अडकवलेल्या पुस्तकातून गळा निवडायची: मटका गळा, पान गळा, चौकोनी. आता येते ती फोन पुढं करतच. "ताई, हे बघा, अस्सं पाहिजे." वीस सेकंदांचा व्हिडिओ. एक सडपातळ मुलगी दारातून येते, गिरकी घेते, केस एका खांद्यावर घेते, संपला. मी तो थांबवून थांबवून बघते. पाठ किती दिसते? अर्धा सेकंद, तीही केसांखाली. बाहीचा फुगा एवढा ताठ उभा कसा? आत कॅनकॅनची, म्हणजे ताठ जाळीची, पट्टी घातलेली असणार. ती पट्टी दंडाला टोचते. मे महिन्यातल्या लग्नात तर रडवते. आणि कमरेला ब्लाऊज इतकं चपखल का बसलंय? कारण मागं चिमटे किंवा पिना असाव्यात. म्हणून तर तिला पाठ दाखवायची घाई नाही.

मी एकच प्रश्न विचारते, "हे घालून हात वर करायचाय का?" व्हिडिओतल्या मुलीला वीस सेकंद हात वर करायचा नसतो. माझं गिऱ्हाईक त्या ब्लाऊजात अक्षता टाकणार, पंगत वाढणार, कडेवर पोर घेणार. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेतला घेर, खोल आणि बाही घट्ट असली की हात वर केल्याबरोबर अख्खं ब्लाऊज वर चढतं. हे सांगितलं की निम्म्या बायका ऐकतात. उरलेल्या निम्म्या म्हणतात, "असू दे ताई, फोटोपुरतंच घालायचंय." मग मी काय बोलणार? साधं ब्लाऊज दीडशे, अस्तराचं साडेतीनशे आणि हे मोबाईलमधलं आठशे. फोटोपुरतं तर फोटोपुरतं.

पण मीही तिथूनच शिकलेली आहे, त्यामुळं फार नाक मुरडायचा मला अधिकार नाही. लग्नाआधी शिवणक्लासला गेले होते. कटोरी ब्लाऊजपर्यंत तिथं झालं, खाकी कागदावरची कटिंगं अजून ट्रंकेत आहेत. प्रिन्सेस कट मात्र मला येत नव्हता. २०२०च्या मार्चनंतर माग थांबले, घरी दोन पैसे येतात ते मी शिवलेल्या मास्कचे, अशी गत झाली. तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर मी एका हिंदी बाईचे व्हिडिओ बघायला लागले. ती 'आर्महोल' म्हणायची, मी वहीत 'मुंढा' लिहायची. छातीचा चौथा भाग घे, शिलाईला एवढं सोड, इथून गोलाई दे. क्लासच्या बाईंना दोनदा विचारलं की त्या चष्म्यातून बघायच्या. ह्या बाईला मी चाळीस वेळा मागं नेलं, ती चाळीस वेळा तेवढ्याच गोडीनं बोलली. माझ्याच दोन ब्लाऊजपीसांचा बळी गेला, तिसऱ्याला जमलं.

आमच्याकडं हे सगळं सुरू झालं त्याचा दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी गणपती बसले होते. ५ सप्टेंबर २०१६. जिओ त्याच दिवशी सुरू झालं. आरतीला आलेली पोरं आरती सोडून सिमकार्डाच्याच गप्पा मारत होती. त्याआधी आमच्या घरात डेटा म्हणजे दुधासारखा मापून वापरायची वस्तू. नंतर मागासाठी कांडीवर सूत भरणाऱ्या बायकासुद्धा जेवणाच्या सुट्टीत टिकटॉक करायला लागल्या. मागाच्या आवाजात गाणं ऐकू यायचं नाही, पण ओठ बरोबर हलायचे. एकीनं ठसठशीत हिरवी साडी नेसून एक केलं, तर आठ दिवसांत गल्लीत चार हिरव्या साड्या. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा दोन दिवस सुतक होतं. जुलैत इन्स्टाग्रामवर रील आलं आणि सगळ्या तिकडं गेल्या. साड्या काही थांबल्या नाहीत.

आता तो पदराचा किस्सा सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी रात्री एक लाइव्ह बघत होते. एक ताई, गळ्यात माईक, पुढं तो गोल दिवा, मागं साड्यांची चळत. "बघा मैत्रिणींनो, पैठणी लुक, फुल्ल पदर, फक्त नऊशे नव्व्याण्णव, आवडली की लगेच स्क्रीनशॉट." वाइन रंगाची साडी होती, काठात मोर. माझा जीव अडकला. (वाइन रंग हीसुद्धा व्हिडिओंचीच देणगी. आमच्या आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, वांगी.) हे शेजारी जेवत होते. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि थोरलीला म्हणाले, "लिही गं खाली. पदर उलटा करून दाखवा."

तिनं लिहिलं. दोनशे-अडीचशे बायका बदाम पाठवत होत्या, त्यात आमचं हे एक वाक्य. मला लाज वाटली. पण त्या ताईनं ते मोठ्यानं वाचलं, हसली आणि खरंच पदर उलटा केला. मागं सगळे कापलेले धागे, मोराच्या पाठीवर केस उगवल्यासारखे. म्हणाली, "दादा, ही मशीनची आहे, सेमी आहे. हातमागावरची येवल्याची पैठणी हजाराला कशी येईल, तुम्हीच सांगा."

हे ताटावरून उठून बसले. म्हणाले, "ही बाई खरी आहे. घे."

हातावरच्या पैठणीच्या काठापदरात प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या छोट्या कांडीनं भरतात. जिथं एक रंग संपतो तिथं तो शेजारच्या रंगात गुंतवून मागं फिरवतात. म्हणून बांगडी मोर असो, मुनिया असो, नाहीतर असावलीची वेल, उलट बाजूलाही तेवढीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत मागून लोंबत जातो, नंतर तो कापतात. सुलट बाजूला दोन्ही झकास दिसतात. व्हिडिओत तर मशीनचीच जास्त झकास दिसते, कारण तिची जर चमचम करते. फरक मागं असतो, आणि मागचं कुणी दाखवत नाही. शिवणाऱ्या बाईचं निम्मं आयुष्य कापडाच्या उलट्या बाजूला जातं, तरी हे विचारायचं मला सुचलं नाही. जेवणाऱ्या माणसाला सुचलं.

त्या ताईकडून आम्ही आजवर पाच साड्या घेतल्या. मात्र यांना चटक लागली. आता कुठलंही लाइव्ह दिसलं की हे मागून ओरडतात, "पदर उलटा करून दाखवा म्हण." एका ठिकाणी लिहिलं तर उत्तर आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी थोरलीला ब्लॉकच केलं.

धाकट्याची तऱ्हा वेगळी. तो अकरावीत आहे, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याला मी आणलेला कुठलाही शर्ट चालायचा. मग ते ओव्हरसाइज टीशर्ट आले. खांद्याची शिवण दंडावर, बाही कोपरापर्यंत. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा चूक समजून पिना घेऊन धावले होते. एके दिवशी तो बापाला म्हणाला, "पप्पा, हा टू फोर्टी जीएसएम आहे." यांनी हातातला चहा खाली ठेवला. तीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाशी त्याचा मुलगा पहिल्यांदा कापडाच्या भाषेत बोलत होता, आणि ती भाषा त्याला कुठल्यातरी जिम करणाऱ्या पोराच्या व्हिडिओनं शिकवलेली होती.

टीशर्ट आला. यांनी दोन बोटांत धरला, चोळला आणि म्हणाले, "दोनशे चाळीस नाही हा." धाकटा भांडायला लागला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. त्यासाठी कारखान्यात गोल कटर असतो. बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वजन करायचं, त्याला शंभरानं गुणायचं. नव्या टीशर्टला गोल भोक पाडायला तो कशाला तयार होतोय! पण टीशर्ट मांडीपर्यंत येत होता, दोन इंच खालून कमी करायचाच होता. मी कापलेली पट्टी यांनी उलगडून सपाट केली, त्यातून पाच सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब असा तुकडा काढला आणि बापलेक दोघं गल्लीतल्या सोनाराकडं गेले. सोनाराच्या काट्यावर तो तुकडा एक ग्रॅम आठशे मिली भरला. म्हणजे १८०. परत येताना दोघांच्या हातात उसाचा रस होता आणि धाकटा वाटेत भेटेल त्याला आकडा सांगत सुटला होता. टीशर्ट परत करता आला नाही, कापलेला होता ना. अजून घालतो.

बस्त्याचंही सांगायला हवं, पण ते थोडक्यात सांगते, कारण अजून सगळे एकमेकांशी नीट बोलत नाहीत. पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही अकरा जण दुकानात गेलो. पांढऱ्या गादीवर बसलो, चहा आला. दुकानदारानं पहिली साडी उलगडायच्या आत नवरीनं फोन पुढं केला, "ही दाखवा." झालं. माम्या, काक्या, मावश्या वर्षभर वाट बघत असतात ती कशासाठी? नको म्हणण्यासाठी. "हा रंग उठत नाही," "काठ अंगावर येतो," "मानपानाला ही, नवरीला ती" असं चार तास म्हणायचं असतं. ते सगळं त्या एका स्क्रीनशॉटनं गिळलं. हळदीला सगळ्यांनी पिवळं आणि मेंदीला हिरवं घालायचं हेही तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. आमच्या वहिनी फुगल्या, म्हणाल्या, "लग्न आहे का शाळेचं गॅदरिंग?" मी त्यांना नवरात्राच्या नऊ रंगांची आठवण करून दिली. ती टूम तर वर्तमानपत्रातून निघाली होती, तेव्हा कुणाच्या हातात व्हिडिओ नव्हता. आणि सोमवारी पांढरं, मंगळवारी लाल म्हणत रंग शोधत धावणाऱ्यांत वहिनी सगळ्यांत पुढं होत्या. हे मी बोलायला नको होतं.

तर थोरलीची नऊवारी.

कॉलेजात ट्रॅडिशनल डे. थोरलीनं ठरवलं, शिवलेली नको, खरी नेसायची. व्हिडिओ लावला: पाच मिनिटांत नऊवारी. जुनी चादर घेऊन आरशापुढं सराव सुरू. व्हिडिओ थांबव, एक घडी घाल, परत लाव. आणि तीन हातांवर कॉटवर कोण बसलंय? वयाच्या चौदाव्या वर्षापासून चौऱ्याहत्तरपर्यंत रोज पहाटे अंधारात, आरशाशिवाय लुगडं नेसलेली बाई.

आत्या काही बोलल्या नाहीत. दहा मिनिटं बघितलं. मग म्हणाल्या, "ती बाई किती पिना लावतीया गं. लुगडं नेसतीया का पोतं शिवतीया?"

थोरली म्हणाली, "आजी, पिना नाही लावल्या तर सुटतं."

"आणि ओचा कुठाय हिचा? ओचा घेतलाच न्हाई हिनं. शेतातनं शेंगा आणायच्या तर कशात आणील?"

मग उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून, पण उठल्या. चादर ओढून घेतली आणि थोरलीच्या कमरेला अशी गाठ मारली की ती "आई गं" म्हणाली. व्हिडिओ तिकडं आपला चालूच होता. पाच मिनिटांच्या नेसण्याला आत्यांना दीड मिनिट लागलं, आणि ते करताना हातांकडं बघितलंसुद्धा नाही. थोरलीला काही कळलंच नाही. "आजी, हळू, परत एकदा." आत्यांना हळू येत नव्हतं. हात थांबवले की पुढं काय ते त्यांनाच आठवेना. शेवटी थोरली व्हिडिओवरून टप्पे बघायची आणि आत्या त्यातल्या चुका काढायच्या, असं ठरलं आणि जमलं.

साडी मागवली, सुती, गर्द निळी, लाल काठ. पार्सल फोडताना नेमका मैत्रिणीचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटलं. पुढचं परत सुरू केलं, त्यामुळं व्हिडिओचे दोन तुकडे झाले. कापड छान वाटलं. यांनी भिंग लावलं, मग कडेचा एक धागा उपटून काडीवर धरला. पॉलिस्टर असतं तर वितळून मण्यासारखी गुठळी झाली असती. हा कागदासारखा भुरकन जळला, मऊ राख झाली. "सुती आहे," हे म्हणाले, "चांगलं आहे." आम्ही खूश. थोरली नेसायला बसली आणि ओचा काही येईना. आत्यांनी दोनदा सोडलं, दोनदा नेसवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मोज."

नऊ वार म्हणजे ३२४ इंच, सव्वाआठ मीटरला थोडं कमी. मी टेप लावली. पावणेआठ वार भरलं. सव्वा वार मारलेलं. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, व्हिडिओ सलग नाही, तक्रार घेता येत नाही. यांनी धागे मोजले, धागा जाळला, आणि लांबी मोजायची कुणाला सुचली नाही. मी तर दिवसभर गळ्यात टेप घालून बसते.

आत्यांनी मग ट्रंक उघडली. त्यांचं लग्नातलं इरकल निघालं, टोपतेनीचं, लाल पदराचं. इरकल म्हणजे इलकलची साडी. तिच्यात पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो, अंगाच्या ताण्यात फासे अडकवून, कोंडी घालून जोडलेला. हीच टोपतेनी. आत्यांनी डोळे मिटून नख फिरवलं आणि बरोबर तो जोड दाखवला. मोबाईलवर 'इरकल' म्हणून विकतात त्यातल्या कितीतरी साड्यांवर हे नुसतं छापलेलं असतं, नख सरळ घसरत जातं. पण पन्नास-साठ वर्षं घडीत राहिलेलं ते लुगडं घडीवर विरलेलं होतं. थोरलीनं उचललं तर उन्हात घडीच्या रेषा दिसल्या, जाळीसारख्या. परत ठेवलं.

ट्रॅडिशनल डेला ती भाड्यानं आणलेली शिवलेली पेशवाई घालून गेली, कमरेला हूक, बाजूला चेन. रील केलं, चारशेच्या वर बदाम आले. आत्यांनी ते तीनदा बघितलं. म्हणाल्या, "पाठीमागनं दावली न्हाईस. कासोटाच दिसंना."

तो पावणेआठ वार सुती तागा महिनाभर माझ्या कपाटात पडून होता. त्याचं काय करायचं ते आत्यांनी ठरवलं, आणि तेही व्हिडिओ बघूनच.

गुडघे धरल्यापासून आत्यांना थोरलीनं खुर्चीवर बसून करायच्या व्यायामाचे व्हिडिओ लावून दिलेत. त्यात त्यांच्याच वयाची एक बाई असते, पांढरे केस, अंगात कुर्ता आणि सैल विजार. आत्या व्यायाम करतात असं म्हणवत नाही, पण बघतात रोज. एका दुपारी मी काजं करत होते तर म्हणाल्या, "तसलं मला एक शिव."

मला वाटलं, चेष्टा. ही बाई गाऊनला 'पोत्यात शिरणं' म्हणते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यामुळं नऊवारी सुटली, सहावारी आली, तेव्हा आठ दिवस घराबाहेर पडल्या नव्हत्या. मी म्हटलं, "आत्या, लोक बोलतील." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं याचं मला अजून नवल वाटतं, वीस वर्षांपूर्वी मी पंजाबी ड्रेस मागितला होता तेव्हा त्यांच्या तोंडून हेच आलं होतं.

त्या म्हणाल्या, "सहावारी पायात येती. रातचं उठलं की अडखळतीया मी. ह्यात पाय मोकळं ऱ्हात्यात. कासोट्यागत."

मी सुई थांबवली. इतकी वर्षं कापड कापते, पण माझ्या डोक्यात नऊवारी एका टोकाला, सहावारी मधे आणि विजार दुसऱ्या टोकाला होती. साठ वर्षं कासोटा घालून चाललेल्या पायांना सहावारी हाच परका कपडा होता. विजार ओळखीची.

माप घ्यायला त्या उभ्या राहिल्या, हात बाजूला करून, शाळेतल्या पोरीसारख्या. मग अटी सुरू. गळा बंद. बाही मनगटापर्यंत. डोक्यावर घ्यायला काहीतरी पाहिजे, म्हणून ओढणीपुरतं कापड वेगळं काढायचं. आणि खिसा. "कनवटीला पैसं ठिवत होते मी. ह्यात कुठं ठिवू?" मी म्हटलं बाजूला देते. नको, आतून पाहिजे, उजव्या अंगाला, कनवटी असते तिथंच. फोन मावेल एवढा. आणि त्याच्याशेजारी मिश्रीच्या डबीला एक छोटा. व्हिडिओतल्या बाईच्या कुर्त्याला खिसा आहे की नाही हे आम्ही तिघींनी मिळून बघितलं, थांबवून थांबवून. दिसला नाही.

निळ्या कापडात कुर्ता आणि विजार आरामात निघाले, वर ओढणी. लाल काठ मी घेराला आणि बाहीला लावला. पहिले चार दिवस आत्यांनी ते दिवेलागणीनंतरच घातलं, दार लोटून. पाचव्या दिवशी शेजारच्या मावशी विरजण मागायला सरळ आत आल्या. आत्या कॉटवर, निळ्या विजारीत, पाय पसरून. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मावशींनी विरजणाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "हे कुठल्या व्हिडिओतलं?"

आत्यांनी कुर्त्याची कड धरली, उलटी केली आणि आतली शिवण त्यांच्या डोळ्यांपुढं नेली. "आतनं बी इंटरलॉक मारलंय बघ. आणि ह्यो खिसा."

आता कपाटात तीन कापडं येऊन पडलीत, तिन्ही म्हाताऱ्यांची, तिन्ही आतल्या खिशाची. एकीला तपकिरीच्या डबीसाठी आहे, एकीला जपमाळेसाठी. शिलाई किती घ्यायची ते मी अजून ठरवलेलं नाही, कारण अशा कपड्याचा भाव मला कुठं बघायला मिळालेला नाही. आत्यांनी मात्र बजावून ठेवलंय, "खिशाचं येगळं पैसं घेऊ नगंस."